खोटा गुरू ओळखावा कशावरून? यहूदाचे पत्र, साष्टीचे क्रूस आणि माहीमचा वेढा

#धागा #इतिहास #साष्टी

१/२०
‘सांताक्रूझ’ या नावाचा अर्थ पवित्र क्रूस. साष्टी बेटावर पोर्तुगिजांनी मागे ठेवलेल्या नावांपैकी हे एक. स्थानकाच्या पूर्वेस कोले-कल्याण, कालिना, वाकोला ही जुनी गावे. त्यांच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे आहेत. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या भयकाळात लोकांनी नवस म्हणून उभारले. या क्रुसांपुढे आजही संध्याकाळी दिवा लागतो. ते उभारणाऱ्यांची भक्ती कोणीही सहज मान्य करील. अवघड प्रश्न वेगळा आहे. हा क्रूस ज्यांनी या भूमीवर आणला आणि पुढे त्याच्या मालकीवरून जे भांडले, त्या गुरूंना मोजायचे कोणत्या मापाने? ते माप ख्रिस्ती धर्माच्या आद्यग्रंथातच आहे. ते वापरायला मात्र फारसे कोणी धजावत नाही.

२/२०
आद्य ख्रिस्ती इतिहासावर समाजमाध्यमांत जे लिहिले जाते, त्यात एक समजूत पक्की रुजलेली दिसते: खोटा शिक्षक म्हणजे चुकीचा सिद्धान्त शिकवणारा. अमक्याने ख्रिस्ताचे देवत्व नाकारले, तमक्याने जुना करार टाकून दिला, म्हणून तो पाखंडी. मग पाखंड्यांची यादी, परिषदांची यादी, सनावळी, झाला इतिहास. ही समजूत अर्धी आहे आणि म्हणूनच घातक आहे. खोट्या शिक्षकांविषयीचे जे सर्वांत जुने लेखन उपलब्ध आहे, ते त्यांच्या सिद्धान्ताविषयी आश्चर्य वाटावे इतके कमी बोलते. ते बोलते त्यांच्या वागणुकीविषयी, त्यातही दोन दोषांविषयी विशेष: उद्धटपणा आणि अनादर.

३/२०
नव्या करारातले यहूदाचे पत्र पाहावे. अवघा एक अध्याय, पंचवीस वचने. लेखक स्वतःला याकोबाचा भाऊ म्हणवतो. येशूला धरून देणारा यहूदा तो हा नव्हे. मंडळीत चोरपावलांनी शिरलेल्या काही माणसांवर हे पत्र तुटून पडते. ती माणसे नेमके काय शिकवत होती, हे मोजक्या शब्दांत आटोपले आहे. ती वागत कशी होती, हे मात्र वचनामागून वचनात येते. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टींची ती निंदा करतात, थोरांविषयी अद्वातद्वा बोलतात, मंडळीच्या प्रीतिभोजनात निर्लज्जपणे स्वतःचेच पोट भरतात, आणि लाभ दिसला की तोंडपुजेपणा करतात. पेत्राचे दुसरे पत्र हाच मजकूर बऱ्याच अंशी पुन्हा मांडते आणि त्यात लोभाचा आरोप अधिक ठळक करते.

४/२०
पत्राच्या मध्यभागी एक विलक्षण दृष्टान्त आहे. मोशेच्या मृतदेहावरून आद्यदेवदूत मीखाएल आणि सैतान यांचा वाद झाला. त्या वादातही मीखाएलाने सैतानाला शिवीगाळ केली नाही. न्याय देवावर सोपवून तो थांबला. ही कथा जुन्या करारात सापडत नाही. ती ‘मोशेचे स्वर्गारोहण’ या ग्रंथातून आली, असे तिसऱ्या शतकातला ओरिजेन सांगतो. दृष्टान्ताचे तर्कशास्त्र अत्यंत धारदार आहे. देवदूतांतला श्रेष्ठ, समोर साक्षात सैतान, आणि न्याय्य बाजू निःसंशय देवदूताची. तरीही जीभ आवरलेली. मग सामान्य शिक्षकाला आपल्यासारख्याच माणसाची अवहेलना करण्याचा अधिकार कुठून मिळतो? मीखाएलाचे नाव लक्षात ठेवावे. मुंबईच्या उपनगरांत ते पुन्हा दोनदा भेटणार आहे.

५/२०
हा सूर एकट्या यहूदाचा नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा पुढारी येतो. त्याच्यावर सिद्धान्तदोषाचा एकही आरोप नाही. त्याचा दोष एवढाच की त्याला पहिल्या आसनाची हाव आहे. तो बाहेरून आलेल्या बंधूंना थारा देत नाही आणि जे थारा देतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल काही मिरवणाऱ्या प्रेषितांचा उपहास करतो. ते लोकांना गुलामासारखे राबवतात, लुबाडतात, तोंडावर चपराक मारतात, आणि लोक ते मुकाट सोसतात, ही त्याची तक्रार. स्वतः पौल आपल्या हातांनी काम करून पोट भरत असे आणि हे तो अभिमानाने सांगतो.

६/२०
‘दिदाखे’ हा आद्य ख्रिस्ती आचारग्रंथ तर याहून व्यवहारी. त्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. फिरत्या प्रेषिताची परीक्षा कशी घ्यावी, हे त्यात सांगितले आहे. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर मागेल तर ठीक. पैसे मागेल तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने मेजवानी मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसेल, तरी खोटा. खेड्यातल्या कोणत्याही अडाणी गृहिणीला वापरता येईल अशी ही कसोटी आहे. तिच्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे.

७/२०
येथे एक रास्त आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ही सारी वर्णने विरोधकांनी केलेली आहेत. लोभी, उद्धट, विषयासक्त ही प्राचीन वादविवादातली ठरावीक दूषणे. तत्त्वज्ञांचे संप्रदायही एकमेकांना हेच म्हणत. शिवाय १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे जी पुस्तके सापडली, त्यांत पेत्राच्याच नावाचे एक ज्ञानवादी ‘प्रकटीकरण’ आहे. त्यात बिशप आणि डीकन म्हणवून घेणाऱ्यांना पाणी नसलेल्या कालव्यांची उपमा दिली आहे. पेत्राचे दुसरे पत्र खोट्या शिक्षकांना कोरड्या झऱ्यांची उपमा देते. म्हणजे ज्यांना खोटे ठरवले गेले, त्यांनीही तोच आरोप, जवळजवळ त्याच प्रतिमेत, खरे म्हणवणाऱ्यांवर उलटवला.

८/२०
या आक्षेपातून काय निष्पन्न होते? ‘खोटा शिक्षक’ हे विशेषण शस्त्र म्हणून वापरले गेले, हे खरे. परंतु कसोटी निकामी झाली, असे मात्र मुळीच नाही. उलट दोन्ही पक्षांनी एकच कसोटी मान्य केली होती, हेच यातून सिद्ध होते: जो गुरू लोकांना तुच्छ लेखतो, तो गुरू नव्हे. भांडण होते ते कसोटी कोणाला लावायची यावरून. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम येथेच सुरू होते. ज्याच्या हाती शिक्का, त्याने दिलेले विशेषण जसेच्या तसे उचलू नये. त्याने दुसऱ्यावर लावलेले माप आधी त्यालाच लावून पाहावे. साष्टी बेट हे त्यासाठी उत्तम स्थळ आहे.

९/२०
डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी व मुंबईची बेटे आली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दु पोर्तो आले. त्यांच्याच काळात बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात करुणामाता मेरीचे प्रार्थनास्थळ झाले; वर टेकडीवर मठ आणि विद्यालय उभे राहिले. लेण्यातली शिवशिल्पे भिंतीआड गेली. एका शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही तिथे पाहता येतो. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यातही चर्च स्थापन झाले आणि त्याला नाव दिले गेले मीखाएलाचे. सैतानालाही शिवी न देणाऱ्या देवदूताचे नाव, दुसऱ्याचे देवस्थान झाकून उभ्या केलेल्या वेदीला! यहूदाच्या पत्राचा याहून मोठा विपर्यास शोधून सापडणार नाही.

१०/२०
यावर ठरलेला बचाव असा: लेणी ओसाड होती. कान्हेरीचा बौद्ध संघ शतकांपूर्वी लोपला होता, हे खरेच आहे. परंतु पोर्तुगीज वृत्तांतांतच या लेण्यांमधल्या जोग्यांचा उल्लेख येतो. शिवाय ओसाड जागा वापरणे वेगळे आणि मूर्तीच्या छातीवर आपले चिन्ह कोरणे वेगळे. पहिली गोष्ट गरजेची, दुसरी घोषणेची. ज्या परंपरेचा एक अक्षरानेही अभ्यास केला नाही, तिची निंदा दगडात कोरून ठेवणे, याला यहूदाच्या पत्रात नेमका शब्द आहे: न समजलेल्या गोष्टींची निंदा. सिद्धान्ताने हे फ्रान्सिस्कन शंभर टक्के शुद्ध होते. वागणुकीच्या मापाने मात्र ते त्याच पत्रातल्या आरोपींच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

११/२०
तितकाच उद्धट दुसरा एक पवित्रा आज बोकाळला आहे, त्याचाही समाचार घेणे भाग आहे. मंडपेश्वरच्या छायाचित्रांखाली आजच्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना जाब विचारला जातो. हा न्याय कोणता? कोले-कल्याणचा भातशेतकरी किंवा वेसाव्याचा कोळी हा या कथेत गुरू नव्हता. तो शिष्य होता, आणि पुष्कळदा राजसत्तेच्या छायेत झालेला शिष्य होता. त्याने आपली मराठी बोली सोडली नाही, लग्नातली गाणी सोडली नाहीत, लुगडे सोडले नाही. सोळाव्या शतकातल्या एका युरोपीय धर्मगुरूच्या अहंकाराची वसुली त्याच्या नातवंडांकडून करणे हाही अनादरच. आरोप करणारा बदलला म्हणून दोष बदलत नाही.

१२/२०
दुसऱ्या प्रकारचा गुरूही याच काळात होता. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. तिकडच्या साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य घालवले. नाव तेच, पण मुंबईची साष्टी ती नव्हे. त्यांनी लोकांची भाषा शिकली, तिचे व्याकरण लिहिले आणि मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. संतांनी घडवलेल्या छंदात सांगितले तरच हे लोकांच्या काळजाला भिडेल, ही जाण त्यामागे होती. स्टीफन्सही सत्तेच्या बाहेर नव्हते; गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलेले होते. पण ज्याला शिकवायचे त्याच्याकडून आधी शिकावे लागते, एवढी नम्रता त्यांच्या पानापानात आहे.

१३/२०
त्या नम्रतेचे पुढे काय झाले? २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी पुराण छापले गेले, तीच आता धर्माच्या आणि राज्याच्या वाटेतली धोंड ठरली. शिष्याच्या भाषेविषयीचा तिरस्कार हा गुरूच्या अधःपाताचा सर्वांत खात्रीचा पुरावा मानावा. हुकूम अर्थातच फसला. माणसे तीन वर्षांत आईची भाषा विसरत नाहीत. मात्र छापील ग्रंथांची परंपरा आटली ती आटलीच, आणि तिचे नुकसान आजही भरून निघालेले नाही.

१४/२०
भाषेचे तेच कातडीचे. दिवाडी बेटावरचे ब्राह्मण कुळातले ख्रिस्ती मातेउस दि कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरुपदाची वाट बंद होती. ते रोमला गेले, तिथे दीक्षित झाले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्टोलिक म्हणून परतले. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. इथिओपियाचे जेझुइट पेट्रिआर्क आफोन्सो मेंडिस यांनी त्यांच्या वर्णावरून अतिशय हीन उद्गार काढल्याची नोंद आहे. रोमने दिलेले पद, तीच श्रद्धा, तेच संस्कार. अडथळा फक्त रंगाचा. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की कास्त्रो यांच्या १६५३ च्या लेखनात ब्राह्मण्याचा अभिमान ओसंडून वाहतो. अवमान सोसलेला मनुष्य आपोआप नम्र होतो, असा नियम नाही.

१५/२०
आता मुख्य प्रकरण. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चांवर जो आश्रयाधिकार होता, तो पाद्रोआदो. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापलेले मंडळ, ते प्रोपागांडा. आजचा ‘प्रोपगंडा’ हा शब्द तिथूनच आला. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवले आणि रोमच्या अधिकाराखालील कार्मेलाइट बिशपला बोलावले. १७८९ मध्ये चर्चे पुन्हा गोव्याकडे, १७९१ मध्ये पुन्हा रोमच्या प्रतिनिधीकडे, आणि १७९४ मध्ये मुंबईच्या चार चर्चांची दोन-दोन अशी वाटणी. देवाच्या घरांचे हे वाटप कंपनी सरकारने केले. एकाच शहरात, एकाच धर्माचे, एकाच पोपला मानणारे दोन धर्माधिकार शेजारीशेजारी नांदू लागले. नांदू लागले म्हणजे भांडू लागले.

१६/२०
या भांडणात सिद्धान्ताचा एक शब्दही वादग्रस्त नव्हता. तोच श्रद्धामंत्र, तीच लॅटिन मिस्सा, तोच क्रूस. वाद एवढाच की बिशप कोणाचा. १८५३ मध्ये माहीमचे सेंट मायकेल चर्च पाद्रोआदोकडे जाण्याची वेळ आली, तेव्हा व्हिकार अपोस्टोलिक अनास्तासियुस हार्टमन समर्थकांसह आत जाऊन बसले. फुटीर पक्षाच्या हाती चर्च देण्यापेक्षा हौतात्म्य पत्करू, असा त्यांचा पवित्रा होता. विरुद्ध पक्षाने चर्चला वेढा घातला, आतला अन्नपुरवठा तोडला. पंधरवडाभर हे चालले. शेवटी मुलकी अधिकाऱ्यांनी दारे उघडवली आणि चर्च पाद्रोआदोच्या हाती गेले. त्याच वर्षी पोप नववे पायस यांच्या ‘प्रोबे नोस्तिस’ या पत्राने पाद्रोआदो पक्षाच्या मुंबईतील धर्मगुरूंना बहिष्काराची धमकी दिली.

१७/२०
सेंट मायकेल, म्हणजे तोच मीखाएल. कान्हेरीनंतर ही दुसरी भेट. ज्याने सैतानाशी बोलतानाही मर्यादा पाळली, त्याच्या वेदीभोवती एका धर्माची माणसे एकमेकांना उपाशी मारायला निघाली. हार्टमन हे सामान्य गृहस्थ नव्हते. स्वित्झर्लंडचे हे कपुचिन साधू कष्टाळू, विद्वान होते. त्यांनी नवा करार हिंदुस्थानीत आणला आणि १८५० मध्ये मुंबईत कॅथलिक नियतकालिक सुरू केले, ते ‘एक्झामिनर’ या नावाने आजही निघते. त्यांना खोटा शिक्षक म्हणणे अन्यायाचे होईल, आणि मुद्दा नेमका हाच आहे. विद्वत्ता, श्रम, शुद्ध सिद्धान्त, वैयक्तिक तपश्चर्या हे सारे असूनही माणूस ‘आपल्यावाचून देवाचे घर भ्रष्ट होईल’ या समजुतीत अडकू शकतो. अहंकार पाखंड्यांची मक्तेदारी नाही.

१८/२०
किंमत कोणी मोजली? कॅथलिक धर्मकायद्यात पापनिवेदन ऐकणाऱ्याला त्या क्षेत्राचा अधिकार असावा लागतो. विवाहालाही योग्य अधिकाऱ्याची साक्ष लागते. म्हणून समोरच्या पक्षाला अधिकार नाही, असे म्हटले की त्याच्याकडे केलेले पापनिवेदन आणि लावलेले लग्न संशयाच्या छायेत येते. मरणाच्या दारी असलेल्या कोळिणीने कोणाला बोलवावे? मुलीचे लग्न कोणापुढे लावावे? हा प्रश्न ना लिस्बनचा होता, ना रोमचा. तो माहीमच्या, बांद्र्याच्या घरातला होता. यहूदाचे पत्र संपताना सांगते की जे डळमळतात त्यांच्यावर दया करा. या भांडणात डळमळणाऱ्यांना दया मिळाली नाही, मिळाली ती धमकी.

१९/२०
एक युक्तिवाद उरतो: यहूदाने अधिकार धुडकावणाऱ्यांचाच निषेध केला आहे, म्हणून अधिकाऱ्याविरुद्ध बोलणारा तोच उद्धट. सत्तेला हे वाचन शतकानुशतके सोयीचे ठरले. पण मग मीखाएलाचा दृष्टान्त कशासाठी? तो दुबळ्याच्या आज्ञाधारकतेचा दाखला नाही, बलवानाच्या संयमाचा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही वडिलांना बजावले आहे की कळपावर धनीपणा गाजवू नये. आदराची अट वरच्यांनाही लागू आहे. किंबहुना त्यांना ती अधिक कडक आहे, कारण त्यांच्या हाती किल्ल्या असतात. खालच्याचा अनादर फार तर एका माणसाला दुखावतो. वरच्याचा अनादर दगडावर कोरला जातो, हुकूम होऊन निघतो, चर्चला कुलूप घालतो.

२०/२०
दुहेरी अधिकाराचा तंटा १८८६ च्या करारानेही पुरता मिटला नाही. मुंबईत तो १९२८ मध्ये संपला. त्यानंतरही १९५० पर्यंत मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असा संकेत राहिला. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. मधल्या काळात, १८८७ मध्ये, येथील मूळ ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना बांधली. इतकी शतके इतरांनी आपले कोण हे ठरवल्यानंतर स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा हा हक्क होता. माहीमच्या त्याच चर्चमध्ये आज दर बुधवारी नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे रांगेत उभी असतात. तिथे कोणी कोणाला पाद्रोआदो की प्रोपागांडा, असे विचारत नाही. सांताक्रूझच्या नाक्यावरच्या क्रुसापुढे दिवा लावणाऱ्या म्हातारीला यातली एकही सनावळ ठाऊक नसेल. यहूदाच्या कसोटीला ती उतरते. तिच्या नावाने भांडलेल्या पुष्कळ गुरूंविषयी तसे म्हणता येत नाही.

#धागा_समाप्त